वाचकांचे प्रश्न : खोगिरं, टोप्या आणि अठरा डॉलरचं बिल

मागच्या अंकात जुन्या सैन्यांच्या रसदीबद्दल लिहिताना अमेरिकेच्या पहिल्या वीस वर्षांतल्या लष्करी पत्रव्यवहाराचा मी जेमतेम चार ओळींत उल्लेख केला होता. लेखापेक्षा त्या चार ओळींवरच जास्त पत्रं आली. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. संरक्षण खात्याच्या एका भांडारात ३१ वर्षं काढली. बिन कार्ड, म्हणजे कुठल्या खणात किती माल आहे त्याची नोंद, भरण्यापासून सुरुवात केली आणि स्टोअर सुपरिंटेंडेंट म्हणून बाहेर पडलो. आता दुपारचं जेवण झालं की दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कारकुनांची पत्रं कॉम्प्युटरवर वाचत बसतो. बायको म्हणते, सुटलात कुठे त्या भांडारातून? तिचंही बरोबरच आहे.

प्रश्न : सर, तुम्ही लिहिलंत की १८०० मध्ये अमेरिकेच्या युद्ध खात्याचं दफ्तर जळून खाक झालं. मग त्या आधीच्या दहा वर्षांत कोणाला किती बूट मिळाले हे तुम्हाला कसं कळतं? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सातारा)

शंका रास्त आहे. १८०० च्या उन्हाळ्यात राजधानी फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला हलली. शहर कसलं, चिखलात उभी राहिलेली चार घरं. युद्ध खात्याने एक घर भाड्याने घेतलं आणि कागदांचे पेटारे तिथे रचले. ८ नोव्हेंबरच्या रात्री ते घर पेटलं. पहिला मंत्री हेन्री नॉक्स, त्याच्यामागून आलेले पिकरिंग आणि मॅकहेन्री, या तिघांच्या कारकिर्दीचे कागद त्यात गेले. निवडणुकीचे दिवस होते, त्यामुळे हिशोब दडवायला आग लावली असा बोभाटाही झाला. आमच्याकडे स्टॉक टेकिंगच्या आदल्या आठवड्यात साधं शॉर्ट सर्किट झालं तरी लोक एकमेकांकडे बघून हसायचे, तसंच.

पण भांडारात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. व्हाउचरची एकच प्रत कधी नसते. माल पाठवणाऱ्याकडे एक, घेणाऱ्याकडे एक, हिशोब तपासणाऱ्याकडे आणखी एक. पाठवणाऱ्याचं दफ्तर जळलं तर घेणाऱ्याच्या दारात जायचं. नॉक्सने पिट्सबर्गच्या क्वार्टरमास्टरला, म्हणजे सैन्याचं सामान आणि वाहतूक बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवलेलं पत्र नॉक्सकडे राहिलं नाही, पण क्वार्टरमास्टरच्या नातवंडांच्या माळ्यावर राहिलं. तिथून ते कुठल्या तरी ग्रंथालयात गेलं. दोनशेहून जास्त संग्रहांतून अशा प्रती गोळा करून व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने जळालेलं दफ्तर जवळजवळ पुन्हा मांडलं आहे. चाळीस हजारांवर कागद आहेत आणि ते कोणालाही घरबसल्या बघता येतात. जुनं हस्ताक्षर लावून टाइप करून देण्याचं काम हौशी लोक करतात. आपल्याकडे मोडी वाचणारे करतात तसं. पहिल्या आठवड्यात मला एक ओळ धड लागत नव्हती. त्या काळी शब्दाच्या मध्ये येणारा ‘एस’ लांब काढत, तो ‘एफ’सारखा दिसतो. एकदा ती खोड कळली की पान धावू लागतं.

प्रश्न : काका, सा. न. त्या शिपायांना रोज जेवायला काय मिळायचं? मी शाळेत पोषण आहाराचा हिशोब ठेवते, म्हणून उत्सुकता. (शिक्षिका, परभणी)

बाई, तुम्हाला हे वाचून घरचंच वाटेल. ३० एप्रिल १७९० च्या कायद्यात एका दिवसाचा शिधा लिहूनच ठेवला आहे. एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ आणि अर्धा गिल रम, ब्रँडी किंवा व्हिस्की. अर्धा गिल म्हणजे साठ मिलिलिटरला थोडं कमी. आपल्याकडे ज्याला लार्ज पेग म्हणतात तेवढं, सरकारी खर्चाने, रोज. मीठ, व्हिनेगर, साबण आणि मेणबत्त्या मात्र माणशी मोजत नसत, शंभर शिध्यांमागे मोजत. मीठ एक क्वार्ट (लिटरला थोडं कमी), व्हिनेगर दोन क्वार्ट, साबण दोन पौंड, मेणबत्त्या एक पौंड. मी भागाकार करून पाहिला. साबण माणशी दिवसाला नऊ ग्रॅम पडतो. त्यात अंग धुवायचं की शर्ट, हे कायद्यात लिहिलेलं नाही. भाजीचा तर सबंध यादीत पत्ता नाही.

साध्या शिपायाचा पगार महिना ३ डॉलर. त्यातून कपड्यांचे ९० सेंट आणि दवाखान्याच्या सामानाचे १० सेंट कापून हातात दोनच. वर्षाचे कपडे मात्र तपशिलात : एक टोपी, एक कोट, एक जाकीट, लोकरीच्या दोन आणि तागाच्या दोन विजारी, बूट चार जोड, शर्ट चार, मोजे दोन जोड, एक ब्लँकेट, गळपट्टा आणि बकलं. चार जोड बुटांना दोन जोड मोजे हे गणित कोणी बसवलं असेल याचा मी बराच विचार केला.

हा शिधा सरकार स्वतः शिजवत नव्हतं की साठवतही नव्हतं. ठेका दिला जाई. अमुक किल्ल्यावर एक शिधा अमुक सेंटला. जेवढं ठाणं रानात आत, तेवढा दर चढा. ठेकेदाराची माणसं गुरं हाकत नेत, पीठ घोड्यांवर लादून नेत. कमी भरलं, उशिरा पोचलं, पिठात किडे निघाले की सेनापती लिहिणार मंत्र्याला, मंत्री लिहिणार अर्थखात्याला आणि अर्थखातं लिहिणार ठेकेदाराला. तोवर शिपाई काय खाणार, हा प्रश्न त्या साखळीतल्या कोणाच्याच टेबलावर नसायचा. तुमच्याकडे तांदूळ संपून धान्यादी माल यायला उशीर होतो तेव्हा मुख्याध्यापक उसनवारी करतात ना? रानात उसनं कोणाकडे मागणार?

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. १७९१ मध्ये जनरल सेंट क्लेअरचा धुव्वा उडाला तो पुरवठ्यामुळे, असं आपण ओझरतं म्हटलंत. लढाई हरल्यावर सगळेच स्टोअरवाल्यांना दोष देतात. खरं काय ते लिहा. (कराड)

सुभेदारसाहेब, स्टोअरवाल्याची बाजू घेतलीत, आभारी आहे. पण या प्रकरणात आमच्या जातीची लाज निघते हे कबूल करावं लागेल.

आधी हे स्पष्ट करतो की सेंट क्लेअर ज्यांच्यावर चालून गेला ते मायामी, शॉनी या तिथल्या मूळ जमाती आणि त्यांचे मित्र आपल्या जमिनीसाठी लढत होते, आणि लिटल टर्टल व ब्लू जॅकेट हे त्यांचे पुढारी उत्तम सेनानी होते. त्यांनी ती लढाई जिंकली. नुसत्या पिठाच्या पोत्यांनी ती कोणी हरवली नाही. पण आता पोती बघू.

शिध्याचा ठेका न्यूयॉर्कच्या विल्यम ड्युअरकडे होता. बडी असामी. अर्थमंत्री हॅमिल्टनच्या हाताखाली काम केलेला, आणि ईशान्येकडच्या मेन नावाच्या प्रदेशातल्या जमिनींच्या सट्ट्यात खुद्द युद्धमंत्री नॉक्सचा भागीदार. सरकारने त्याला पैसे आगाऊ दिले. ते पिठात आणि गुरांत जायचे ते बरेचसे रोख्यांच्या सट्ट्यात फिरत राहिले. तिकडे सेंट क्लेअर मे १७९१ पासून आजच्या सिनसिनाटीला फोर्ट वॉशिंग्टनमध्ये बसून होता. क्वार्टरमास्टर सॅम्युअल हॉजडन सामान जमवत मागेच रेंगाळला आणि सप्टेंबरमध्ये छावणीत उगवला. मोहीम उन्हाळ्यात निघायची ती ऑक्टोबरात निघाली. तोवर गवत वाळलं, घोडे खंगले आणि सहा महिन्यांच्या बोलीवर भरती केलेल्यांची मुदत संपत आली.

आणि खोगिरं! ओझ्याच्या घोड्यांची खोगिरं फिलाडेल्फियात बनवून घेतली. तिथून डोंगर ओलांडून पिट्सबर्गपर्यंत नेण्याचं भाडं धरलं तर, पिट्सबर्गातच बनवली असती त्याच्या दुपटीहून जास्त खर्च आला. शेवटी ती घोड्यांना चालेचनात. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो. या मोहिमेत माणसांचीही होती आणि खोगिरांचीही. तंबू, पाठपिशव्या, भांडी, काडतुसांच्या पेट्या या सगळ्यांवर चौकशी समितीने एकच शेरा मारला : संख्येने कमी, दर्जाने वाईट.

माझ्या नोकरीत एकदा बुटांच्या पेट्या आल्या होत्या. व्हाउचरवर ८ नंबर, पेटीवर ८ नंबर, आत ६. पुरवठादार म्हणाला, पेटी आमची नाही. तपासणी करणारे म्हणाले, आम्ही नमुना पाहिला तेव्हा ८ होता. चौदा महिने पत्रं चालली. सुदैवाने तेवढ्या काळात आमच्यावर कोणी चालून आलं नाही.

सेंट क्लेअरचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी पीठ संपत आलं, शिधा कापला गेला. ३१ तारखेला साठेक मिलिशियावाले, म्हणजे तात्पुरते बोलावलेले नागरी शिपाई, छावणी सोडून चालते झाले, आणि जाता जाता मागून येणारी पिठाची खेप लुटू अशी भाषा करून गेले. खेप वाचवायला सेंट क्लेअरने आपली सगळ्यात कसलेली पलटण, पहिली रेजिमेंट, सुमारे ३०० माणसं, मागे पाठवली. ४ नोव्हेंबरला पहाटे हल्ला झाला तेव्हा ही पलटण मैलोगणती दूर पीठ राखत होती. वाबॅश नदीच्या काठी सुमारे १,४०० माणसांपैकी सहाशेहून जास्त मेली. पुरवठा आणि पराभव यांचा नेमका सांधा कुठे, असं विचाराल तर मी या ३०० माणसांवर बोट ठेवीन.

पुढचा भाग दफ्तरवाल्यांसाठी. मार्च १७९२ मध्ये प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली. अमेरिकन संसदेने सरकारच्या कारभाराची केलेली ही पहिली चौकशी. समितीने युद्ध खात्याकडे कागद मागितले. देऊ का नको, हे ठरवायला अध्यक्ष वॉशिंग्टनने मंत्र्यांना बोलावलं. संसदेला चौकशीचा हक्क आहे, मात्र ज्या कागदाने लोकांचं नुकसान होईल तो अध्यक्षाने रोखावा, असं ठरलं. त्यावर अमेरिकेत अजून खटले चालतात. पण मला आवडतो तो परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या टिपणातला पुढचा बारकावा. या प्रकरणात रोखण्यासारखं काही नाही, तेव्हा नकला पाठवाव्यात, आणि समितीला हवंच असेल तर एक कारकून मूळ कागद घेऊन जाईल, त्यांनी स्वतः ताडून घ्यावं. मूळ कागद काखोटीला मारून समितीसमोर उभा असलेला तो कारकून मला दिसतो. तसा मी स्वतः कितीदा तरी उभा राहिलोय, आणि साहेब बसा म्हणत नाहीत.

समितीने सेंट क्लेअरला निर्दोष ठरवलं. ठेकेदाराच्या आणि क्वार्टरमास्टरच्या नावावर ठपका ठेवला. ड्युअर तोवर सट्ट्यात बुडून कर्जदारांच्या तुरुंगात पोचला होता.

प्रश्न : तेव्हा पत्र पोचायला किती दिवस लागत? आणि इतकी भांडणं करून ही माणसं पत्राखाली ‘आपला आज्ञाधारक नम्र सेवक’ लिहीत, हे खरं का? (नाशिक)

४ नोव्हेंबरच्या पराभवाची अधिकृत बातमी फिलाडेल्फियाला ९ डिसेंबरला पोचली, यावरून अंदाज घ्या. खास स्वार धाडून पाच आठवडे. उत्तर परत जायला तेवढेच. म्हणजे ‘पीठ पाठवा’ला ‘किती पाठवू’ असं विचारलं की हिवाळा आला.

दुसरं : हो, लिहीत. शिव्या देऊन झाल्यावरही लिहीत. आपण नाही का ‘कळावे, लोभ असावा’ लिहून भावकीला कोर्टाची नोटीस पाठवत?

प्रश्न : आम्ही मुलाकडे बाल्टिमोरला गेलो तेव्हा फोर्ट मॅकहेन्री पाहिला. हा मॅकहेन्री कोण? मोठा योद्धा का? (डोंबिवली)

योद्धा नव्हे, शिकलेला डॉक्टर. १७९६ ते १८०० युद्धमंत्री. स्वभावाने गोड, पत्रं लिहिण्यात तत्पर, आणि काम उरकण्यात मात्र यथातथा. १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटणार अशी हवा झाली आणि घाईघाईने नवं सैन्य उभं केलं. म्हातारा वॉशिंग्टन नावाला सरसेनापती, प्रत्यक्ष कारभार इन्स्पेक्टर जनरल हॅमिल्टनकडे. हॅमिल्टनने मॅकहेन्रीला इतकी पत्रं धाडली की माणूस बेजार झाला असणार. तंबू कुठे, कोट कुठे, पगार कुठे.

त्यातलं टोप्यांचं पत्र बघाच. १७९९ मध्ये नव्या पलटणींना टोप्या मिळाल्या, पण नुसत्या. पट्टी नाही, बटण नाही, कड वर बांधायचा फास नाही, तुरा तर नाहीच. एखाद्याला वाटेल, डोकं झाकलं ना, झालं. हॅमिल्टन तसं म्हणत नाही. त्याचं म्हणणं, शिपायाच्या ऐटीला खतपाणी घालण्याइतकं गरजेचं दुसरं काही नाही, आणि ती ऐट नीटनेटक्या पोशाखातून येते. बावळट टोपी घातली की लोक हसतात आणि शिपाई मनातून खचतो. भांडारात ‘टोप्या, नग अमुक, पूर्ण’ अशी नोंद झाली असेल. बटण नसलेली टोपी लेजरमध्ये पूर्णच असते.

शिपायाचं सोडा, सरसेनापतीची कथा ऐका. वॉशिंग्टनने नवा गणवेश शिवायला टाकला, मॅकहेन्रीमार्फतच. कोटावर सोनेरी भरतकाम हवं होतं. जरीची तार मिळेना, कारागीर मिळेना, युरोपातून मागवावी लागेल असं शिंप्याने कळवलं. २२ फेब्रुवारी १७९९ ला, स्वतःच्या वाढदिवशी, नातीच्या लग्नात तो कोट घालायचा त्याचा मनसुबा होता. वाढदिवस गेला, लग्न झालं, आणि १४ डिसेंबरला वॉशिंग्टनही गेला. कोट आलाच नाही.

प्रश्न : लुईस आणि क्लार्क या प्रवाशांपैकी लुईसने सरकारने बिल नाकारलं म्हणून जीव दिला, असं वाचलं. इतक्या छोट्या कारणासाठी? (कोल्हापूर)

इतकं सरळ नाही, पण बिलाचा भाग खरा आहे. १८०३ मध्ये पॅसिफिककडे निघताना याच लुईससाठी सरकारी खरेदीदार इस्रायल व्हेलनने फिलाडेल्फियात बाजार केला होता. अमेरिकन संसदेने मंजूर केलेले २,५०० डॉलर, त्यातले २८९ डॉलर ५० सेंट एकट्या ‘पोर्टेबल सूप’वर, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या रश्शावर. १९३ पौंड रस्सा. आजच्या सूपच्या क्यूबचा आजोबा. तेव्हा कोणी हूं का चूं केलं नाही.

परत आल्यावर तो लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या दुर्दैवाने सह्या करू लागला. फ्रेंच वस्तीसाठी कायद्यांचं भाषांतर करून घेतलं, त्याचं अठरा डॉलर आणि काही सेंटचं बिल वॉशिंग्टनहून परत आलं. आधी परवानगी घेतली नव्हती. लुईसचा जीव तिथेच उडाला. रक्कम किरकोळ होती, पण हे नाकारलं तर याच पद्धतीने काढलेली मोठी बिलं कोण मान्य करणार? झालंही तसंच. मॅन्डन या मूळ जमातीचा प्रमुख शेहेके वॉशिंग्टन बघायला आलेला, त्याला सुखरूप घरी पोचवण्याचा करार लुईसने एका व्यापारी कंपनीशी ७,००० डॉलरला केला होता. वर भेटवस्तूंसाठी ५०० डॉलरची हुंडी काढली. नवा युद्धमंत्री युस्टिसने १५ जुलै १८०९ च्या पत्रात ती नाकारली, आणि अध्यक्षांनाही विचारलं आहे, असं वर कळवलं. हुंडी सरकारने नाकारली की ती सही करणाऱ्याच्या अंगावर येते. ही खबर सेंट लुईसमध्ये पसरताच सगळे सावकार एकदम दारात आले.

ऑडिटवाल्यांना मी शिव्या देणार नाही. खात्याचा हिशोबनीस विल्यम सिमन्स हा असाच खडूस माणूस, सगळ्यांशी भांडलेला, शेवटी १८१४ मध्ये अध्यक्ष मॅडिसननेच त्याला काढून टाकलं. काही आठवड्यांनी इंग्रज फौज वॉशिंग्टनजवळच्या ब्लेडन्सबर्गला आली आणि मॅडिसन घोड्यावरून नेमका तिकडेच निघाला होता. पुढे जाऊ नका, गावात इंग्रज आहेत, म्हणून त्याला थांबवणारा माणूस हाच बडतर्फ सिमन्स. असो.

लुईस सप्टेंबरच्या सुरुवातीला कागदांचे पेटारे घेऊन निघाला, वॉशिंग्टनला जाऊन समोरासमोर हिशोब पटवायला. आधी न्यू ऑर्लिन्सहून समुद्रमार्गे जाणार होता. मोहिमेचे मूळ कागद इंग्रज जहाजांच्या हाती पडतील या धास्तीने त्याने खुष्कीची वाट धरली. तब्येत ढासळलेली, दारू, औषधं, मन थाऱ्यावर नाही. ११ ऑक्टोबरला नॅचेझ ट्रेस या रानवाटेवरच्या ग्रिंडरच्या खाणावळीत गोळी लागून तो मेला. वय ३५. क्लार्कने आणि जेफरसनने आत्महत्या मानली, बहुतेक अभ्यासकही तसंच मानतात. खून म्हणणारेही आहेत.

नोव्हेंबरात नॅशव्हिलला त्याच्या सामानाची यादी झाली. ती मी भांडाराच्या सवयीने ओळ न ओळ वाचली. लाल मोरोक्को चामड्यात बांधलेल्या, कडीच्या १६ वह्या. सुट्या ६. आणि एक वेगळं बांधलेलं बंडल, युद्ध खात्याच्या खर्चाची व्हाउचर.